कोकिळेला मूर्ख म्हणणारी भाषा

३० नोव्हेंबर २०२५ रोजी, सेंट अँड्र्यूच्या दिवशी, स्कॉटलंडमध्ये एक नवा कायदा अमलात आला. गेलिक आणि स्कॉट्स या दोन भाषांना त्या दिवसापासून तिथे अधिकृत दर्जा मिळाला. गेलिकचं, म्हणजे तिथल्या जुन्या केल्टिक भाषेचं, नाव निदान ऐकलेलं तरी असतं. स्कॉट्स म्हटलं की मात्र समोरचा बुचकळ्यात पडतो. स्कॉटलंडचे लोक इंग्रजीच बोलतात ना? जरा जड जिभेने बोलतात, एवढंच. त्याला वेगळी भाषा कशासाठी म्हणायचं?

याचं उत्तर व्याकरणातून देता येतं. मी ते शिव्यांतून देणार आहे. बाजारात, कचेरीत, शाळेत माणूस समोरच्याची भाषा उचलतो; पण पायावर धोंडा पडला किंवा कुणी फसवलं, की तोंडातून येतं ते घरचंच. नाशिकचा माणूस पंचवीस वर्षं न्यू जर्सीत राहिला तरी गाडी आडवी घालणाऱ्याला तो ‘बावळट’ म्हणूनच मोकळा होतो. म्हणून एखादी भाषा खरोखर वेगळी आहे का, तिच्या माणसांना काय सहन होत नव्हतं, कशाची भीती होती, हे शोधायचं तर तिची शेलकी विशेषणं बघावीत.

इथे शिवी म्हणजे आई-बहिणीवरून दिलेली नव्हे. बावळट, ऐतखाऊ, टोणगा, फुसका या जातीचे, माणसाला नाव ठेवणारे शब्द. स्कॉट्समध्ये आणि शेजारच्या उत्तर इंग्लंडच्या बोलींमध्ये अशा शब्दांचं भांडार होतं. त्यातले पुष्कळसे आता कुणाच्या तोंडी नाहीत. कोशांत पडून आहेत.

स्कॉटलंड आणि यॉर्कशायरची शिवी एकच कशी?

दीड हजार वर्षांपूर्वी आजच्या जर्मनी-डेन्मार्कच्या किनाऱ्यावरून आलेल्या लोकांनी ब्रिटनमध्ये आपली भाषा रुजवली. तिच्या उत्तरेकडच्या रूपाचं राज्य होतं नॉर्थम्ब्रिया. इंग्लंडमधल्या हंबर नदीपासून थेट एडिंबरापर्यंत ते पसरलेलं होतं. म्हणजे आज जिथे दोन देशांची सीमा आहे, तिच्या दोन्ही बाजूंना तेव्हा एकच भाषा बोलली जात होती. पुढे सीमा पडली. उत्तरेकडचं रूप स्कॉटलंडच्या राजदरबाराची भाषा झालं आणि त्याला स्कॉट्स हे नाव मिळालं. सीमेच्या दक्षिणेला राहिलेलं तेच रूप, लंडनच्या नजरेत, खेडवळ बोली ठरलं.

बहिणी त्याच, पण एक राजवाड्यात गेली आणि दुसरी शेतावर राहिली. कोकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद आपण गोव्यात पाहिला आहे. भाषेचा दर्जा नुसत्या शब्दांवरून ठरत नाही, दरबारात आणि शाळेत तिला कोणी बसवलं यावरूनही ठरतो, हे आपल्याला कुणी वेगळं समजावायला नको.

यात आणखी एक धागा आहे तो नवव्या शतकातला. तेव्हा उत्तर इंग्लंडमध्ये, मुख्यतः यॉर्कच्या परिसरात, नॉर्स ही स्कँडिनेव्हियाची जुनी भाषा बोलणारे व्हायकिंग येऊन स्थायिक झाले. त्यांचे शेकडो शब्द शेतकऱ्यांच्या तोंडी बसले, तिथून उत्तरेकडेही गेले. लंडनची प्रमाण इंग्रजी ज्या शब्दांना ओळखत नाही त्यातले कित्येक मुळात हे आहेत.

हे लक्षात कसं आलं त्याची गोष्ट मला फार आवडते. जॉन जेमिसन हा स्कॉटलंडमधल्या फॉरफर गावचा धर्मोपदेशक. स्कॉट्स म्हणजे बिघडलेलं इंग्रजी, असं त्यालाही वाटायचं. मग त्याची गाठ थॉर्केलिन या आइसलंडच्या विद्वानाशी पडली. थॉर्केलिनने सांगितलं की इथल्या खेड्यांत मी असे पुष्कळ शब्द ऐकले, जे माझ्या आइसलंडच्या भाषेत आहेत आणि इंग्रजीत नाहीत. जेमिसन कामाला लागला. आपल्या परिसरातल्या अडाणी समजल्या जाणाऱ्या माणसांचे शब्द टिपत गेला, आणि १८०८ मध्ये त्याचा स्कॉट्स भाषेचा दोन खंडी कोश निघाला. त्यात अर्थातच नाव ठेवणारे शब्द भरपूर आहेत.

गौक: कोकिळेची काय चूक?

सुरुवात या शब्दापासून करू. गौक म्हणजे कुक्कू पक्षी, आपल्या कोकिळेच्या आणि पावशाच्या कुळातला. मूळ नॉर्स शब्द ‘गौक्र’. आणि गौक म्हणजे मूर्ख माणूससुद्धा.

मराठी कानाला हे चमत्कारिक वाटतं. आपल्याकडे कोकिळा हा गळ्याचा मानदंड आहे. तिथला कुक्कू मात्र वसंतात येतो आणि दिवसभर दोनच सूर काढत राहतो. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलणारा, भान नसलेला माणूस म्हणजे गौक.

या शब्दाभोवती एक खेळ होता. एक एप्रिलला एखाद्या भोळ्या पोराच्या हातात बंद चिठ्ठी द्यायची आणि अमक्याला नेऊन दे म्हणायचं. चिठ्ठीत लिहिलेलं असे: हसू नको, गालातसुद्धा हसू नको, गौकाला अजून मैलभर पिटाळ. वाचणारा गंभीर चेहऱ्याने म्हणे, अरे, हे माझ्याकडचं काम नाही, पलीकडच्या वाडीवर जा. तिथेही हेच. पोराला संध्याकाळी उमगे की आज आपणच गौक. ‘हंट द गौक’ म्हणजे गौकाची शिकार हे या खेळाचं नाव, आणि स्कॉटलंडमध्ये एप्रिल फूलचं जुनं नावही त्यावरूनच पडलं.

मूर्खांसाठी उत्तरेत गौक एकटा नव्हता. सम्फ म्हणजे मठ्ठ आणि वर फुगून बसणारा. कूफ म्हणजे बुद्धीने बेतास बात. गॉमरल म्हणजे वेडगळ. हा सीमेच्या दोन्ही बाजूंना चालायचा. कूफचं नशीब विशेष. रॉबर्ट बर्न्स या स्कॉटिश कवीने १७९५ मधल्या आपल्या प्रसिद्ध गीतात तो थेट एका लॉर्डाला लावला: शेकडो लोक त्याच्या शब्दाला मान डोलावत असले तरी माणूस कूफच. १९९९ मध्ये स्कॉटलंडची संसद जवळजवळ तीनशे वर्षांनी पुन्हा भरली, तेव्हा उद्घाटनाला हेच गीत गायलं गेलं. खेड्यातला मूर्खवाचक शब्द राणीसमोर म्हटला गेला, आणि सभागृह सोबत गात होतं.

दार, कडी आणि आडोसा

मला सर्वांत जास्त थांबावंसं वाटतं ते इथे. कारण या शब्दांत जुनं घर जसंच्या तसं दिसतं.

स्कॉटलंडच्या गरीब शेतकऱ्याचं घर म्हणजे एक लांब खोली. दारातून येणारा बोचरा वारा चुलीपर्यंत जाऊ नये म्हणून दाराच्या आत एक आडोशाची भिंत असे, कुडाची किंवा मातीची. कित्येक घरांत याच आडोशापलीकडे गुरं बांधलेली असत. या भिंतीला म्हणत हॅलन. आता भिकारी आला. अगदी बाहेर ठेवणं बरं नाही, चुलीशी बसवणंही नको. तो थांबायचा हॅलनपाशी. तिथे उभा राहून कुडकुडणारा, किंवा तो आडोसाच हलवून लक्ष वेधणारा, तो ‘हॅलनशेकर’. धडधाकट असून दारोदार फिरणाऱ्यासाठी, पुढे कुठल्याही फाटक्या, बेभरवशाच्या माणसासाठी हा शब्द रूढ झाला.

दुसरा शब्द ‘स्नेकड्रॉअर’. स्नेक म्हणजे दाराची कडी; उत्तर इंग्लंडमध्ये कडीला आजही स्नेक म्हणतात. आवाज न करता कडी सरकवून आत शिरणारा तो स्नेकड्रॉअर, म्हणजे आतल्या गाठीचा, कावेबाज. बर्न्सने सैतानाला उद्देशून लिहिलेल्या कवितेत त्याला याच शब्दाने हिणवलं आहे. सैतान काही दार फोडून येत नाही, हलकेच कडी काढतो.

तिसरा ‘सॉर्नर’. याचं मूळ गेलिकमध्ये, फुकटच्या वस्तीला असलेल्या शब्दात. हा नुसता मागत नाही, येऊन बसतो. घोडा आणि कुत्री घेऊन यायचं, दडपशाहीने जेवायचं, राहायचं, आणि यजमानाची कणगी रिकामी करून निघायचं. १४४९ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने अशांना आवर घालायला कायदा केला, त्यात हा शब्द आहे. म्हणजे आधी गुन्ह्याचं नाव, मग शिवी. आपल्या ‘पुंड’ शब्दाने असाच प्रवास केला आहे.

आणि चौथा ‘लर्डन’: आळशी, जड, निरुपयोगी. मूळ जुन्या फ्रेंचमधलं, वजनाने जड या अर्थाचं. पण लोकांनी त्याला एक कहाणी चिकटवली. डेन लोक, म्हणजे डेन्मार्कहून आलेले व्हायकिंग, इंग्रजांच्या घरांत घुसून मालकासारखे लोळत पडायचे, म्हणून ‘लॉर्ड डेन’, त्याचं लर्डन. व्युत्पत्ती म्हणून हे साफ खोटं आहे. पण व्हायकिंगांच्या आक्रमणाचा राग इतक्या शतकांनंतरही एका आळशाच्या अंगावर काढला जात होता, हे त्या खोट्या कहाणीतून खरंच कळतं. काम टाळण्यासाठी आजारी पडणाऱ्याला तर ‘लर्डन ताप’ आला म्हणत.

हे चारही शब्द बघा. चौघांत दोष एकच: दुसऱ्याच्या ताटातलं खाणं. असं का? १६९५ नंतर स्कॉटलंडमध्ये लागोपाठ पिकं बुडाली आणि दुष्काळ पडला. १६९८ मध्ये अँड्र्यू फ्लेचर या राजकारण्याने लिहिलं की देशात दोन लाख लोक दारोदार भीक मागत आहेत. तेव्हा अख्ख्या स्कॉटलंडची वस्ती दहा लाखांच्या आसपास. त्याचा आकडा फुगवलेला असेल. पण दारात उभ्या प्रत्येक अनोळखी माणसाकडे गृहिणी कोणत्या नजरेने बघत असेल ते त्यावरून समजतं. पिंपात उरलेलं ओटचं पीठ आपल्या पोरांना फेब्रुवारीपर्यंत पुरेल का, याची धास्ती हॅलनशेकर या एका शब्दात साठलेली आहे. म्हणून त्या शब्दाचा उच्चार करताना मला भिकाऱ्याचीही दया येते आणि त्या बाईचीही.

दिवाळखोराची पिवळी टोपी

‘डायव्हर’ म्हणजे कर्ज बुडवणारा. आपण एखाद्याला दिवाळखोर म्हणतो तेव्हा आपल्या दृष्टीने ते एक विशेषण असतं. एडिंबरात ती बसायची जागा होती. १६०६ मध्ये तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने हुकूम काढला: बाजारातल्या क्रूसाजवळ दगडी बैठक बांधावी आणि दिवाळखोरांनी ठरलेल्या वेळी पिवळी टोपी घालून तिथे बसावं. येणारा-जाणारा बघणार, पोरं ओरडणार. अशा गावात भांडणात कुणी डायव्हर म्हटलं, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ती टोपी येणारच. शब्दाचा डंख त्या टोपीतून आला होता. टोपी गेली तसा डंख गेला आणि मागोमाग शब्दही.

दरबारात रंगलेलं भांडण

आता नेमकं उलटं चित्र. जिथे शिवी देणं ही शिक्षेची बाब होती, तिथेच ती कलाही होती.

‘फ्लायटिंग’ म्हणजे दोन कवींनी एकमेकांना छंदात, यमकात, अनुप्रासात शिव्या देण्याची स्पर्धा. शब्द जुन्या इंग्रजीतला, अर्थ भांडणं. आपल्या कलगी-तुऱ्यातले सवाल-जवाब डोळ्यांसमोर आणा. सातारा जिल्ह्यात सुखेड आणि बोरी या गावांच्या बायका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना शिव्या देतात, तो ‘बोरीचा बार’ही आठवा. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी, ठरलेल्या मर्यादेत मन मोकळं करायचं.

स्कॉटलंडमधली सर्वांत गाजलेली फ्लायटिंग १५०० च्या आसपासची, राजा चौथा जेम्स याच्या दरबारातली. एका बाजूला विल्यम डनबार, दुसऱ्या बाजूला वॉल्टर केनेडी. १५०८ मध्ये स्कॉटलंडमध्ये पहिला छापखाना सुरू झाला, आणि त्यातून बाहेर पडलेल्या अगदी पहिल्या पुस्तिकांत हे भांडण होतं. म्हणजे त्या देशाने छापायला शिकल्यावर लगेच शिव्या छापल्या, इतकी त्यांची किंमत होती.

केनेडी डनबारला म्हणतो, तू जहाजावर असा घाबरलास की जहाज घाण केलंस. तुझ्या पूर्वजाने देश विकला. डनबार केनेडीच्या दारिद्र्यावर, कळकट कपड्यांवर, रोडावलेल्या चेहऱ्यावर तुटून पडतो. पण मला यातला खरा घाव वेगळाच वाटतो. केनेडी स्कॉटलंडच्या नैर्ऋत्येकडचा, गेलिक मुलखातला. डनबार त्याच्या गेलिकवर थुंकतो, ती रानटी भाषा ठरवतो. त्यावर केनेडीचं उत्तर असं: हीच सगळ्या खऱ्या स्कॉटिश माणसांची भाषा असायला हवी होती. सव्वापाचशे वर्षांपूर्वी शिव्यांच्या खेळात भाषेच्या अस्मितेचा वाद चालू होता, आणि २०२५ च्या कायद्याने त्या दोन्ही भाषांना एकाच वाक्यात बसवलं.

जाता जाता, केनेडीच्या आयरशायर मुलखाशी मराठीचाही एक दुवा आहे. त्याच भागात जन्मलेल्या व्हान्स केनेडी नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८२४ मध्ये मुंबईत मराठी शब्दकोश छापला, मोल्सवर्थच्या कोशाच्या सात वर्षं आधी.

या फ्लायटिंगची एक हस्तलिखित प्रत एडिंबराच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. १५६८ मध्ये शहरात प्लेग पसरला असताना जॉर्ज बॅनटाइन या तरुण व्यापाऱ्याने बसून जुन्या कविता उतरवून काढल्या, त्यातली ही. २०२० मध्ये तिची बातमी झाली, कारण तिच्यात इंग्रजीतली ती कुप्रसिद्ध चार अक्षरी शिवी सापडते, आणि ती तिच्या अगदी जुन्या लेखी नोंदींपैकी आहे. बातमीत एवढंच आलं. ती शिवी ज्या जोडशब्दात येते, खरी गंमत त्याच्या घडणीत आहे. शब्दाच्या सुरुवातीला ‘वॉन’ हा उपसर्ग आहे. त्याचं काम आपल्या ‘दुर्’ किंवा ‘कु’ सारखं: वाईट, चुकलेलं. म्हणजे केनेडी डनबारला म्हणतोय, अवेळी, कुमुहूर्तावर पोटात आलेलं, टाकून दिलेलं पोर. उपसर्ग लावून शिवी घडवणं म्हणजे भाषा पक्की मुरलेली असल्याची खूण. आपण ‘कुलक्षणी’, ‘दुर्मुखलेला’ म्हणतो, तसंच.

त्या प्रतीच्या शेवटी कोण जिंकलं ते लिहिलेलं नाही. कुणाला जास्त लागलं ते तुम्हीच ठरवा, असं वाचकावर सोपवलं आहे.

तेच बाईने केलं तर?

दरबारातल्या पुरुषांना ज्यासाठी वाहवा मिळाली, त्याच फ्लायटिंगसाठी बाजारातल्या बाईला शिक्षा होत होती. नगर न्यायालयांत आणि चर्चच्या पंचायतीत फ्लायटिंग हा गुन्हा होता. त्यासाठी ‘ब्रँक्स’ वापरत: डोक्याभोवती लोखंडी पट्ट्यांचा पिंजरा, आणि जीभ दाबून धरणारी पट्टी तोंडात. १५६७ मध्ये एडिंबरात बेसी टेलफर या बाईने एका नगर अधिकाऱ्यावर खोटी मापं वापरत असल्याचा आरोप केला. तिला ब्रँक्स घालून तासभर बाजारातल्या क्रूसाला बांधून ठेवलं. ती खरं बोलत होती का, हे आज कुणी सांगू शकत नाही. पण ‘भांडकुदळ’ हा शिक्का कुणाचं तोंड बंद करायला सोयीचा होता, ते दिसतंच. सीमेपलीकडे न्यूकॅसलमध्येही हेच. १६५५ च्या एका पुस्तकात ब्रँक्स घातलेल्या बाईला दोरीने ओढत रस्त्यातून नेत असल्याचं चित्र छापलेलं आहे.

शब्दांचाही कल याच दिशेने. ‘लिमर’ म्हणजे मुळात लुटारू, पुरुष. सीमेवरच्या टोळ्यांसाठी जुन्या सरकारी कागदांत ‘चोर आणि लिमर’ अशी जोडी येते. पुढच्या शतकांत लुटारू संपले आणि शब्द बाईवर येऊन बसला: चवचाल, उठवळ. आधी दरोडेखोराला लावलेलं विशेषण मग भाजीवालीला.

यॉर्कमधल्या चर्च न्यायालयांचे बदनामीचे खटले अजून जपून ठेवलेले आहेत. तिथे साक्षीदाराला नेमका शब्द सांगावा लागे, म्हणून तेव्हाच्या सामान्य माणसांचं बोलणं त्या कागदांत जसंच्या तसं सापडतं. पुरुषाची अब्रू जायची ती चोर किंवा लबाड म्हटल्याने, बाईची तिच्या शीलावरून. इंग्लंडमधल्या चर्च न्यायालयांकडून हे खटले १८५५ मध्ये काढून घेतले गेले.

शिवी वेगळी, शाप वेगळा

या दोहोंत गल्लत होते म्हणून थोडं सांगतो. शिवी माणसाला नाव ठेवते. शाप त्याचं वाईट व्हावं म्हणतो. सीमेवरच्या लुटारूंना १५२५ मध्ये ग्लासगोच्या आर्चबिशपने, गॅव्हिन डनबारने, हजारावर शब्दांचा स्कॉट्स शाप दिला. डोकं, डोक्यावरचे केस, डोळे, जीभ, पोट, बायका-मुलं, गुरं, नांगर, एकही गोष्ट सोडली नाही. २००१ मध्ये उत्तर इंग्लंडमधल्या कार्लाइल शहरात या शापाचा काही भाग एका मोठ्या ग्रॅनाइटच्या धोंड्यावर कोरून बसवला. त्याच वर्षी तिथे गुरांची लाळ-खुरकताची साथ आली, २००५ मध्ये मोठा पूर आला, आणि एका नगरसेवकाने धोंडा हटवण्याचा ठराव आणला. ठराव फेटाळला गेला. धोंडा अजून तिथे आहे.

एवढे जिवंत शब्द मेले कसे?

१६०३ मध्ये स्कॉटलंडचा राजा इंग्लंडच्याही गादीवर बसला आणि दरबार उचलून लंडनला गेला. १७०७ मध्ये संसदही गेली. मोठं व्हायचं असेल तर लंडनसारखं बोलायला हवं, हे एडिंबराच्या सुशिक्षितांनी मनाशी धरलं. डेव्हिड ह्यूम हा त्या काळचा थोर तत्त्वज्ञ. १७५२ मध्ये त्याच्या एका पुस्तकासोबत स्कॉटिश वळणाच्या शब्दांची यादी छापली होती, ते शब्द टाळता यावेत म्हणून. मग १८७२ च्या शिक्षण कायद्याने प्रत्येक मूल शाळेत आलं आणि शाळेची भाषा इंग्रजी होती. घरची भाषा तोंडातून निघाली की हातावर चामड्याचा पट्टा बसायचा. ‘बरोबर बोल’ हे ऐकत वाढलेलं मूल आईची शिवी पुढे आपल्या मुलाला देत नाही. इतकं सरळ आहे ते.

काही शब्द मात्र निसटून थेट प्रमाण इंग्रजीत गेले, आणि आजही तिथे वापरात आहेत. ‘गॉर्मलेस’ म्हणजे बावळट. नॉर्स ‘गौम्र’ म्हणजे अवधान, भान. गौम नाही तो गौमलेस: भान नसलेला. एमिली ब्राँटेच्या १८४७ मधल्या ‘वुदरिंग हाइट्स’मध्ये तो यॉर्कशायरच्या जोसेफ या नोकराचा शब्द म्हणून येतो. त्या जोसेफची बोली वाचकांना कळत नाही म्हणून एमिलीच्या मृत्यूनंतर तिच्या बहिणीने, शार्लटने, १८५० च्या आवृत्तीत ती सौम्य केली. ‘फेक्लेस’ म्हणजे नाकर्ता. स्कॉट्समधला ‘फेक’ हे ‘इफेक्ट’चं कापलेलं रूप, म्हणजे परिणाम, जोर. ‘मॉकिश’ म्हणजे गुळचट, भावनेने बरबटलेलं. त्यात उत्तरेकडचा ‘मॉक’, म्हणजे अळी, वळवळतो आहे. पण यांचा भाऊ ‘फुशनलेस’ मागेच राहिला. फुशन म्हणजे अन्नातलं सत्त्व, रस. ते नसलेला माणूस, पाणचट. मला हा शब्द गेल्याचं खरंच वाईट वाटतं, कारण इंग्रजीत त्याच्या तोडीचा नाही.

हिणवणारे शब्द गेले तर बरंच झालं ना?

हा आक्षेप रास्त आहे. या शब्दांतले पुष्कळसे मंदबुद्धी माणसाला, गरिबाला, बाईला टोचण्यासाठीच घडले. लिमर पुन्हा कुणाच्या तोंडी यावा असं मला अजिबात वाटत नाही. पण जिभेवर असणं आणि कोशात असणं या दोन गोष्टी आहेत. कोशातून लिमर काढून टाकला तर त्या बाईवर झालेला अन्याय पुसला जात नाही, त्याचा पुरावा तेवढा पुसला जातो.

दुसरी शंका येते ती अशी: मग इंटरनेटवर फिरणाऱ्या जुन्या स्कॉटिश शिव्यांच्या याद्या खऱ्या समजायच्या का? जपून. ‘नम्प्टी’ हा सर्वांना आवडणारा शब्द जुना वाटतो, पण लेखी सापडतो तो विसाव्या शतकाच्या शेवटाकडे. २०२० मध्ये तर उघड झालं की स्कॉट्स विकिपीडियावरचे हजारो लेख स्कॉट्स न येणाऱ्या एका अमेरिकी किशोराने लिहिले होते; इंग्रजी वाक्यांत विचित्र स्पेलिंगं घालून. ज्यांची ही भाषा आहे त्या लोकांना ते फार लागलं, आणि लागणारच. शब्द खरा की बनावट हे बघायची रीत सोपी आहे: तो कुणी, कुठे, कधी वापरला याचा दाखला मागायचा. जेमिसनपासून पुढच्या सगळ्या चांगल्या कोशांत प्रत्येक अर्थाखाली तसे दाखले आहेत.

उत्तर इंग्लंडसाठी हे काम जोसेफ राइटने केलं. १८५५ मध्ये यॉर्कशायरमधल्या ब्रॅडफर्डजवळ जन्म. सहाव्या वर्षी दगडाच्या खाणीत गाढवं हाकायला, मग कापडगिरणीत. पंधरा वर्षांचा होईपर्यंत त्याला वाचता येत नव्हतं. हाच माणूस ऑक्सफर्डचा प्राध्यापक झाला आणि १८९८ ते १९०५ या काळात त्याने इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा कोश पुरा केला. खाणीत त्याला ज्या शब्दांनी हाका मारल्या गेल्या असतील, ते त्याने ऑक्सफर्डच्या कागदावर दाखल्यांसकट उतरवले.

आणि अॅबर्डीनमध्ये

सगळंच संपलेलं नाही. २०२२ च्या जनगणनेत स्कॉटलंडमधल्या सुमारे १५ लाख लोकांनी आपल्याला स्कॉट्स बोलता येतं असं सांगितलं. त्यातले दोन शब्द सांगतो. ‘लून’ म्हणजे पूर्वी हलकट, बदमाश. शेक्सपिअरने मॅकबेथच्या तोंडी घाबरलेल्या नोकराला दिलेली शिवी. ‘क्वीन’ हा दुसरा, राणीचा नव्हे, पण त्याच कुळातला. अर्थ नुसता बाई. दक्षिणेत, लंडनकडे, त्याचा अर्थ घसरत घसरत बदफैली बाई असा झाला आणि मग शब्दच गेला.

स्कॉटलंडच्या ईशान्येला, अॅबर्डीनच्या आसपास, दोन्ही शब्द आजही घरोघर ऐकू येतात. लून म्हणजे मुलगा, क्वाइन म्हणजे मुलगी. आपल्याकडे आजी नातवाला ‘गधड्या, जेवलास का’ म्हणते, त्याच आवाजात तिथली आजी लूनला जेवायला हाक मारते.